पोरं घरी शिकवाल, पण गावच्या शाळेचं काय?

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळाबाह्य मुलांची यादी करायला दोन गुरुजी आणि अंगणवाडीताई आमच्या वस्तीवर आले. मी कांद्याच्या रोपाला पाणी देत होतो. धाकटा बांधावर बसून वहीत काहीतरी आकडेमोड करत होता. गुरुजींनी त्याला विचारले, "काय रे बाळ, कुठल्या शाळेत हायस?" पोरगं म्हणालं, "घरच्या."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या कागदाकडे पाहिले. कागदावर 'घरची शाळा' असा रकाना नव्हता. सहा ते चौदा वर्षांचे मूल ज्याचे नाव कुठल्याच शाळेत नाही, किंवा नाव असून जे महिनाभराहून जास्त दिवस गैरहजर आहे, ते शाळाबाह्य. नियम सरळ आहे. गुरुजींनी माझ्या मुलाचे नाव लिहिले आणि त्याच्या खाली वीटभट्टीवरच्या पालातल्या एका पोराचे नाव लिहिले. एका यादीत लागोपाठ दोन नावे.

खरं सांगतो, मला राग आला. मी डी.एड. झालेला माणूस. नोकरी लागली नाही म्हणून शेती धरली, पण खडू कसा धरायचा ते विसरलो नाही. माझं पोर रोज चार तास अभ्यास करते, ते शाळाबाह्य कसे? रात्री मोटार चालू करायला गेलो तेव्हा विहिरीच्या कडेला बसून विचार केला. मग वाटले की यादी चुकली नाही. सरकारी कागदाला माझ्या घरात काय चालते ते दिसत नाही, आणि ते दिसावे म्हणून मीही काही केलेले नाही. या चार-पाच वर्षांत काय केले, काय जमले, काय बिघडले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. कुणाला असा विचार करायचा असेल तर त्याने पुरता हिशेब पाहूनच करावा.

सुरुवात कशी झाली

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या. तेव्हा थोरली तिसरीला होती, धाकटा पहिलीला. पुढे मोबाइलवर अभ्यास येऊ लागला. आमच्या घरात मोबाइल एकच आणि रेंज फक्त लिंबाच्या झाडाखाली. आठवड्यात कळून चुकले की हे काही खरे नाही. मग फळ्याऐवजी गोठ्याची भिंत शेणाने सारवून काळी केली आणि मी व माझी पत्नी मिळून पोरांना शिकवू लागलो.

डिसेंबर २०२१ मध्ये खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा सुरू झाले. थोरलीच्या पाचवीचा वर्ग त्याआधीच, ऑक्टोबरात उघडला होता. आमच्या वस्तीशाळेत तेव्हा चार वर्ग होते आणि गुरुजी एकच. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, पण एक जागा रिकामी होती. त्या एकट्या गुरुजींनी शिकवायचे, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, ऑनलाइन माहिती भरायची आणि मतदार याद्यांचेही काम करायचे. त्यात त्यांचा दोष कुठे? पण माझ्या पोरांना घरी लागलेली गोडी तिथे टिकणार नाही असे वाटले. आम्ही ठरवले, घरीच शिकवू.

'आम्ही' ठरवले असे मी सगळ्यांना सांगतो. घरात मात्र खरे काय ते माहीत आहे. धार काढून, भाकऱ्या थापून, डबा बांधून मग पोरांना घेऊन बसायची ती बारावी शिकलेली माझी बायको. मी शेतातून येईपर्यंत अर्धा अभ्यास झालेला असे. एकदा ती वैतागून म्हणाली, "निर्णय तुमचा आन् घंटा माझी." घरी शिकवायचा विचार करणाऱ्या बाप्या माणसांनी हे वाक्य आधी लिहून घ्यावे. वेळ कुणाचा जाणार आहे, ते तिलाच विचारा.

शेतातले गणित

जे चांगले झाले तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हिशेब लबाडीचा होईल.

आमचे गणित शेतात शिकले गेले. दोरी घेऊन तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद असा चौकोन आखला. आतले क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. ज्या पोरीला पुस्तकातले 'क्षेत्रफळ' घशाखाली उतरत नव्हते, तिने दोन दिवसांत आमच्या तुकड्याचे गुंठे मोजले आणि सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताळा घातला. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आपल्या तोंडी एकर-गुंठे. एकातून दुसरे कसे काढायचे, ते ती आज मला चुकवून दाखवू शकणार नाही इतके पक्के करते.

ज्वारी पेरताना ओळीत पंचेचाळीस सेंटिमीटर आणि रोपात पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर एकरात ताटं किती बसतील? एका ताटाला ६७५ चौरस सेंटिमीटर जागा लागते. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर. भागाकार केला की उत्तर येते साठ हजारांच्या आसपास. मग पोरांनी दहा फूट ओळ मोजून आमच्या रानात खरी किती आहेत ते पाहिले. कमी भरली. का भरली नाहीत, यावर नवरा-बायकोत वाद झाला तो वेगळा.

पावसाचे तर विचारूच नका. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. धाकट्याने हे गणित सोडवले आणि म्हणाला, "आप्पा, एवढं पानी आपल्या रानात पडलं, तर बोअर का आटलं?" त्या एका प्रश्नावर आमचा पंधरवडा गेला. रानाला उतार कुठे आहे, बांध कुठे फुटला आहे, पाणी कुणीकडे पळते, मुरते किती, हे सगळे आम्ही पायी फिरून पाहिले. त्या उन्हाळ्यात आम्ही दोन बांध दुरुस्त केले. पोराच्या प्रश्नाने बांध नीट झाला, हे मी गावात अभिमानाने सांगतो.

पाच अश्वशक्तीची मोटार म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. तासभर चालली की पावणेचार-चार युनिट वीज जाते. पंधरा लिटरच्या पंपाला लिटरमागे दोन मिली औषध, म्हणजे पंपाला तीस मिली. टोपणाने अंदाजे ओतायचे नाही. औषधाला पोरांनी हात लावायचा नाही, फक्त हिशेब करायचा. कांद्याची पट्टी आली की थोरली तिच्यावरचे हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा करून हातात किलोमागे काय पडले ते काढायची. बाजारातला पुकारलेला भाव एक आणि हातात पडलेला भाव दुसरा, हे तिला अकराव्या वर्षी कळले. मला पंचविसाव्या वर्षी कळले होते.

वर्ध्याला १९३७ साली गांधीजींनी शिक्षण परिषद भरवून नई तालीम मांडली. हाताने काम करता करता शिकावे, असा तिचा गाभा होता. डी.एड.ला परीक्षेपुरते पाठ केले होते. गोठ्याच्या भिंतीपुढे त्याचा अर्थ लागला.

काय जमले नाही

आता दुसरी बाजू. इंग्रजीत आम्ही दोघेही कच्चे. जे आपल्यालाच येत नाही ते पोरांना काय देणार? विज्ञानाचे प्रयोग झाले ते स्वयंपाकघरात होतील तेवढेच. चित्रकला, गाणे शून्य. खो-खोला नऊ गडी लागतात, आमच्या घरात दोन.

सुगीच्या दिवसांत अभ्यास हमखास मागे पडायचा. ज्वारीची काढणी आली, कांदा काटायला आला, की मीच म्हणायचो, "आज राहू द्या, उद्या दुप्पट करू." उद्या दुप्पट कधीच झाले नाही. शाळेला सुट्टी असते ती तारीख ठरवून असते. घरच्या शाळेला सुट्टी द्यायला बापाच्या तोंडचा एक शब्द पुरतो. हा धोका फार मोठा आहे.

सवलतींचेही नुकसान झाले, आणि ते मला आधी कुणी सांगितले नव्हते. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या परीक्षेला बसायचे तर मूल त्या वर्षी जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीला शिकत असावे लागते. शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेमार्फतच. आठवीत होणारी आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती, जिच्यात निवडलेल्या मुलाला वर्षाला बारा हजार रुपये मिळतात, तिचेही तसेच. पोषण आहार, फुकट पुस्तके, मुलींचा एसटीचा मोफत पास, हे सगळे पटावरच्या मुलाला. जातीचा दाखला काढायला गेलात तर पहिला कागद मागतात तो शाळेचा. घरच्या शाळेला शिक्का नसतो, मंडळी.

आणि सगळ्यात मोठी उणीव एका संध्याकाळी थोरलीनेच सांगितली. म्हणाली, "आप्पा, मला भांडायला कोनच न्हाई." आधी हसू आले. मग लक्षात आले की ही बारा वर्षांची पोर दिवसभर आई, बाप, भाऊ आणि म्हशी एवढ्यांतच आहे. बाकावर शेजारी बसणारी, वही लपवणारी, कट्टी करणारी आणि दुसऱ्या दिवशी बट्टी करणारी मैत्रीण आई-बाप कुठून आणून देणार?

जून २०२४ मध्ये ती आपल्या मर्जीने शाळेत गेली. शाळेने आधी तिची पाचवीची परीक्षा घेतली, मग वयाप्रमाणे आठवीच्या वर्गात बसवले. पहिली सहामाही इंग्रजीने रडवले. आता ती सावरली आहे. धाकटा अजून घरी शिकतो.

शेजारची पोर

इथवरचा नफा-तोटा माझ्या घरापुरता होता. पण ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती घराबाहेर घडली.

मी धाकट्याला वस्तीशाळेतून काढला तेव्हा पट एकवीस होता. माझे पाहून आणखी दोन घरांनी पोरे काढली. पट आला अठरावर. वीसच्या आत पट गेलेल्या शाळेवर कायम टांगती तलवार असते. कधी बंद करण्याची चर्चा, कधी दुसऱ्या शाळेत मिळवण्याची, कधी समूह शाळेची. गुरुजी मला वाटेत भेटले. ते रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "मास्तर, तुमचं एक पोरगं तुम्ही शिकवाल. ह्या अठरांची शाळा गेली तर त्यांना कोन शिकवंल?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्या दोन घरांनी पोरे काढली त्यातले एक घर आमच्या बांधाला बांध लागून. घरात नऊ वर्षांची मुलगी, तिच्या पाठचे तान्हे. बाप लोकांना सांगू लागला, "मास्तरची पोरं घरी शिकत्यात, माझी बी शिकंल." आठ महिन्यांनी एकदा ती पोर शेळ्या घेऊन आमच्या विहिरीवर आली. कडेवर तान्हे. मी सहज बियाण्याच्या पिशवीवरचे नाव तिला वाचायला सांगितले. ही पोर पूर्वी घडाघडा वाचायची, मी ऐकलेले आहे. त्या दिवशी ती एकेक अक्षर बोटाने धरून वाचत होती, आणि जोडाक्षर आले तिथे थांबली. थांबून माझ्याकडे बघून हसली.

त्या रात्री मला जेवण गेले नाही. गुरुजींना घेऊन मी तिच्या बापाकडे गेलो. तो म्हणाला, "तुमचं चालतं, मग आमचं का चालत न्हाई?" मी काय सांगणार? माझ्याकडे डी.एड.चे प्रमाणपत्र आहे आणि तुझ्याकडे नाही, असे सांगायचे? माझ्याकडे विहिरीला पाणी आहे म्हणून मी दोन तास काढू शकतो आणि तू दुसऱ्याच्या रानात रोजाने जातोस, असे सांगायचे? जी गोष्ट मी शिक्षण म्हणून केली तीच त्याला पोरगी घरी ठेवायला सबब म्हणून मिळाली. सबब मी पुरवली.

दोन महिने जाणे-येणे केले. शेवटी मी त्याला शब्द दिला की पोर शाळेत धाड, मीही दर शनिवारी माझ्या पोराला घेऊन त्याच शाळेत येतो आणि सगळ्या मुलांना गणित शिकवतो. तान्ह्याला अंगणवाडीत बसवायची सोय अंगणवाडीताईंनी केली. पोर परत शाळेत गेली. आता ती वाचते, पण गेलेले आठ महिने भरून यायला तिला दोन वर्षे लागली. तिसऱ्या घरचा मुलगा मात्र परत आला नाही. तो चुलत्याबरोबर ऊसतोडीला गेला. पट एकोणीस राहिला.

मोठ्या माणसांनी काय केले

आपल्या मुलखाला घरचे शिक्षण नवे नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना शिकवले होते त्यांचे पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा विरोध पत्करून. पण ते घर शास्त्र्याचे होते. ज्यांच्या घरात अक्षरच नव्हते त्यांच्या पोरांनी काय करायचे? म्हणून १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुले दांपत्याला मुलींची शाळा उघडावी लागली. म्हणूनच शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया! महाराजांना गरिबाचा राग होता का? उलट त्यांना ठाऊक होते की सक्ती नसली तर आधी गरिबाचे पोर गुरांमागे जाते, आणि त्यातही आधी पोरगी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर आणखी पुढची वाट दाखवली. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची. पोरे गुरे घेऊन कुरणात जातात, तर शाळाही कुरणात. तिचे नावच कुरणशाळा. घर, रान आणि शाळा यांच्यातली भिंत पाडता येते हे त्यांनी करून दाखवले. पण त्यांनी एकट्या-दुकट्या आपल्या पोरासाठी भिंत पाडली नाही, सगळ्या पाड्यासाठी पाडली.

माझी चूक नेमकी तिथे झाली. मी माझे रान भिजवले आणि चारीतले पाणी खाली सोडायचे विसरलो.

कायदा काय म्हणतो

बरेच जण दबकत विचारतात, "घरी शिकवलं तर गुन्हा व्हतो का?" शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क त्याने दिला. कलम १० मध्ये मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे लिहिले आहे. ते न केल्यास पालकाला दंड किंवा कैद मात्र या कायद्यात नाही. म्हणजे पोलीस दारात येणार नाहीत. पण कर्तव्य कागदावर आहे, ते विसरू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेले भरून काढायला विशेष प्रशिक्षणाचा हक्क मिळतो. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. तेव्हा "आता मोठी झाली, आता कुठं शाळेत घालायची," हे बोलणे बंद करा. दार उघडे आहे.

तिसरी गोष्ट बालमजुरीच्या कायद्याची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या कामात हातभार लावायला मुभा आहे; पण तीही धोक्याचे काम नसेल तर, आणि शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. आता सांगा, ज्याला शाळाच नाही त्याची शाळेची वेळ कुठली? घरी शिकवणाऱ्याने ती वेळ स्वतः ठरवून भिंतीवर लिहिली पाहिजे. नाहीतर शिकणे कुठे संपले आणि राबणे कुठे सुरू झाले ते बापालाही कळत नाही. मला काही वेळा कळले नाही, हे कबूल करतो.

करायचेच असेल तर

पालकांना माझे सांगणे एवढेच. पहिले, घरात शिकवणारे माणूस कोण आणि त्याला रोज किमान तीन तास मोकळे मिळतात का, ते आधी पाहा. मिळत नसतील तर विषय तिथेच संपला. दुसरे, रोजची नोंदवही ठेवा. दुधाच्या फॅटची चिठ्ठी आपण जपून ठेवतो, मग पोराने आज काय शिकले त्याची नोंद का नको? तिसरे, परीक्षेची वाट आधी माहीत करून घ्या. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची, आठवीची परीक्षा आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. आपल्या बोर्डाचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत आहे. अटी दरवर्षी नीट वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

चौथे, आठवड्यातून निदान एकदा पोराला गावच्या शाळेत, मैदानात, इतर पोरांत सोडा. पाचवे, पोराला वर्षातून एकदा विचारा, "तुला काय पाहिजे?" आणि त्याचे उत्तर ऐका. आणि सहावे. मुलगा शाळेत आणि मुलगी 'घरी शिकते' असे ज्या घरात आहे, त्या घराने घरच्या शाळेचे नाव घेऊ नये. मुलीला घरी ठेवायला आपल्याकडे आजवर सबबींची कमी पडलेली नाही. तिच्यात आणखी एकीची भर नको.

अधिकारी मंडळींना

आता सरपंच, भाऊसाहेब, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक यांना हात जोडून दोन शब्द. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, पण गावाला ते भाऊसाहेबच आहेत आणि गाव त्यांचे ऐकते.

घरी शिकणारे मूल आणि शिकण्यापासून तुटलेले मूल यांना एका रकान्यात कोंबू नका. पण घरी शिकवतो म्हणणाऱ्याच्या शब्दावरही विसंबू नका. वर्षातून दोनदा त्याच्या घरी जा, पोराची वही बघा, एक उतारा वाचून घ्या, दोन गणिते घाला. जो खरेच शिकवतो त्याला याचा राग येणार नाही. आला तरी येऊ द्या. गावच्या बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंचच असतात. कागदावरची ती समिती एवढ्या कामासाठी तरी बसू द्या.

वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात. त्यातल्या एकीत शाळेचा पट वाचून दाखवा. किती मुले होती, किती राहिली, गेलेली कुठे गेली. रस्ता आणि गटार यांवर आपण तासतास भांडतो, पटावर कधी भांडलो नाही. आणि जिथे शिक्षकाची जागा रिकामी आहे तिथे ती भरण्याचा ठराव घेऊन पाठपुरावा करा. माझ्यासारखे पालक पोरे का काढतात, याचे अर्धे उत्तर त्या रिकाम्या खुर्चीत आहे.

शाळेलाही विनंती. शनिवारी आमच्या रानात गुंठा मोजायला वस्तीशाळेची सगळी एकोणीस पोरे येतात. गुरुजी दोरीचे एक टोक धरतात, मी दुसरे. खर्च शून्य. ज्या गावात असा एखादा शिकलेला शेतकरी, निवृत्त शिक्षक, गवंडी, सुतार असेल त्याला बोलवा. तो येईल. आम्हाला कुणी बोलावत नाही, म्हणून आम्ही आपल्याच पोरापुरते बघत बसतो.

धाकट्याचे पुढे काय, असे मला विचारतात. येत्या जूनला मी त्याला विचारणार आहे. घरी म्हणाला तर नोंदवही घेऊन केंद्रप्रमुखांकडे मीच जाईन, ते बोलवायची वाट पाहणार नाही. शाळेत म्हणाला तर दप्तर तयार आहे. परवाच्या शनिवारी तो आणि शेजारची ती पोर चरावर बसून मोजमाप करत होते. त्याचा भागाकार चुकला होता, तिने तो खोडून नीट करून दिला. त्यावरून दोघांचे भांडण झाले. मी मध्ये पडलो नाही.